ज्वारीची पायली ते केशरी कार्ड : आरोग्य विम्यात गाव का येतं, का येत नाही?

  विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, की विमा एजंट आलाय. तसं नाही. मी इतिहासाचा माणूस आहे. पण या विषयाकडे मी आलो तो घरातल्या एका दुखण्यामुळे. ते आधी सांगतो.

माझी मावशी कळमनुरी तालुक्यातली. २०१६ साली तिच्या छातीत दुखायला लागलं. गाडी करून तिला मोठ्या शहरात नेलं, एका खाजगी दवाखान्यात ॲंजिओप्लास्टी झाली, मावशी बरी झाली. बिल भरायला घरात ठेवलेली हळद भाव नसताना विकली आणि उरलेले पैसे व्याजाने काढले. महिन्याभराने कुणीतरी विचारलं, "अहो, तुमचं केशरी कार्ड आहे ना? मग हे ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं की!" कार्ड होतं. घरी, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली. आम्ही सोबत नेलं नाही, दवाखान्यातही कुणी विचारलं नाही. आणि ही योजना अशी, की दवाखान्यात असतानाच नोंद व्हावी लागते. नंतर बिल दाखवून पैसे मिळत नाहीत.

म्हणजे बघा, माझी मावशी विम्यात होती. कागदावर पूर्ण होती. पण तिला ते माहीतच नव्हतं. मग तिला 'सहभागी' म्हणायचं का? आजचा विषय एवढाच आहे. माणूस विम्यात येतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि पूर्वी जिथे गावंच्या गावं आपणहून आली, तिथे ती का आली?

खळ्यावरचा हिशेब

विमा हा शब्द नवा. पण 'सुगीत द्यायचं आणि वर्षभर सेवा घ्यायची' हा व्यवहार आपल्याकडे जुना आहे. बलुतं म्हणजे तेच. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार यांना प्रत्येक कामाचे पैसे कुणी देत नसे. खळ्यावर रास झाली की ठरलेलं धान्य जायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिलं, त्यात ही सगळी व्यवस्था बारकाईने मांडली आहे.

पण इथे भाबडेपणा नको. बलुत्यात सोय होती तशी लाचारीही होती. कुणाला किती मिळणार हे जातीवर आणि मालकाच्या मर्जीवर ठरायचं. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला तो उगाच नाही. शिवाय वैद्य हा बलुतेदारांच्या नेहमीच्या यादीत नसायचा. न्हावी तुंबड्या लावायचा, दाया बाळंतपण करायच्या, पण मोठं दुखणं आलं की घर एकटं पडायचं. शेती, दागिना, बैल यांतलं काहीतरी सावकाराकडे जायचं.

तेव्हा आपल्या गावाच्या आठवणीत दोन गोष्टी एकदम आहेत. धान्याच्या रूपाने आगाऊ देणं अंगवळणी पडलेलं आहे, आणि आजारपणासाठी तशी सोय मात्र कधी नव्हती.

जपानमध्ये ती होती. फुकुओका प्रांतात मुनाकाता नावाचा भाग आहे. तिथले गावकरी दरवर्षी ऐपतीप्रमाणे तांदूळ गोळा करून वैद्याला द्यायचे आणि मग कुणीही आजारी पडलं तरी तो बघायचा. या पद्धतीला ते 'जोरेई' म्हणत. पुढे १९३८ मध्ये जपानने राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांपुढे हा नमुना होता. १९६१ पर्यंत सगळा देश विम्याखाली आला. तांदळाच्या मापापासून सुरुवात झाली होती, हे लक्षात ठेवा. कारण आपल्याकडे तेच ज्वारीने झालं.

सेवाग्राम

हिंगोलीहून विदर्भात वर्ध्याच्या बाजूला गेलं की सेवाग्राम लागतं. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ तिथे बायका-मुलांसाठी दवाखाना उभा राहिला. डॉ. सुशीला नायर यांनी तो वाढवला आणि १९६९ मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली.

सत्तरचं दशक संपत असताना तिथले काही डॉक्टर आजूबाजूच्या गावांत जायला लागले. त्यात मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू पुढे होते. सुरुवातीला त्यांचा समज इतरांसारखाच होता. गावात आरोग्यसेवक नेमावा, गोळ्यांची पेटी द्यावी, स्वच्छता शिकवावी, म्हणजे गाव खुश. पण गाव काही खुश होईना. लोकांचं म्हणणं साधं होतं. सर्दी-खोकल्याचं आमचं आम्ही बघतो. रात्री-अपरात्री बाई अडली, साप चावला, पोरगं तापाने फणफणलं, तेव्हा तुमच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला कुणी उभं करेल का?

या प्रश्नातून ज्वारी आरोग्य विमा योजना निघाली. सुगीच्या दिवसांत गावाने ज्वारी गोळा करायची. भूमिहीन मजुराची ज्वारी सगळ्यांत कमी, आणि जमीन वाढेल तसा वाटा वाढता. त्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि औषधं निघायची. बदल्यात गावातल्या माणसाला अचानक आलेल्या आजारात कस्तुरबा रुग्णालयात मोफत उपचार. जे आधीच माहीत असतं, म्हणजे ठरवून करायचं ऑपरेशन वगैरे, त्यात सवलत, पण थोडा खर्च रुग्णाने सोसायचा.

आणि एक अट. गावातली किमान ७५ टक्के घरं आली तरच ते गाव योजनेत. नाही तर कुणीच नाही.

गावं का आली?

आता मुद्द्यावर येतो. दारिद्र्य होतं, शिक्षण कमी होतं, विमा हा शब्द कुणी ऐकला नव्हता. तरी घरं आली. का? मला पाच कारणं दिसतात.

पहिलं, वेळ. तुम्ही शेतकऱ्याकडे जूनमध्ये पैसे मागा. बी-बियाणं, खत, पोरांच्या वह्या, सगळं त्याच महिन्यात. खिसा फाटलेला असतो. तोच माणूस रास झाल्यावर मोठ्या मनाचा होतो. योजनेचा हप्ता कितीचा आहे यापेक्षा तो कधी मागितला हे जास्त महत्त्वाचं ठरतं. सरकारी शिबिरं सहसा आर्थिक वर्षाच्या घाईत लागतात. हिंगोली-सेनगाव भागातले कितीतरी लोक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात गावात शिबिर लावलं, तर यादीत म्हातारी माणसंच येणार. तांड्यांवर आणि आंध वस्त्यांवर तर कुलपंच दिसणार.

दुसरं, माप. रोख पैसा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात असतो. कणगीतली ज्वारी बाईच्या हाताखालची. दोन पायल्या काढून देताना तिला कुणाची परवानगी लागत नाही. हे मी माझ्या आजीकडे बघून सांगतोय, कुठल्या अहवालातून नाही. आणि दुखण्याची पहिली जाण घरात कुणाला असते? बाईलाच.

तिसरं, ओळख. विमा म्हणजे आज पैसे द्यायचे आणि उद्याच्या वचनावर विश्वास ठेवायचा. हा विश्वास कागदावर बसत नाही, माणसावर बसतो. सेवाग्रामचे डॉक्टर आणि विद्यार्थी गावात राहायला यायचे. आजही तिथल्या नव्या तुकडीला गावात शिबिर करावं लागतं. ज्या डॉक्टराने तुमच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली, तो दवाखान्यात तुम्हाला ओळख देईल असं वाटतं.

उलट आपल्याकडे 'विमा' या शब्दाला कशाचा वास आहे? पीक विम्याचा. पंचनामा कधी होणार, पैसे कधी येणार, शेजारच्या मंडळाला मिळाले आणि आपल्याला का नाही, हा सगळा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला तुम्ही आरोग्याचा विमा सांगता, तेव्हा तो मनात तोच हिशेब लावतो. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा मिळायला लागला, तेव्हा अर्जांचा पूर आला. २०२५ मध्ये ती सोय गेली. अर्ज आला म्हणजे विश्वास आला असं नसतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

चौथं कारण, ती ७५ टक्क्यांची अट. वरवर ती जाचक वाटते. पण विचार करा. फक्त आजारी माणसंच ज्वारी घालायला लागली, तर कणगी चार महिन्यांत रिकामी. धडधाकट माणूस आला पाहिजे. तो का येईल? आपल्याकडे भिशी सगळ्यांना कळते. भिशीत आज ना उद्या आपला नंबर लागतो, घातलेले पैसे परत येतात. विम्यात नंबर न लागणं हेच चांगलं! हे पटायला जड जातं. "वर्षभर काही झालं नाही, पैसे वाया गेले" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, मीही म्हटलंय. त्या अटीमुळे विम्याचा प्रश्न एका घराचा न राहता गावाचा झाला. तुम्ही आला नाहीत तर शेजाऱ्याचंही जाईल. मग पारावर चर्चा होते, रुसवेफुगवे होतात, कुणी कुणाच्या वाट्याची पायली घालतो. ही चर्चा म्हणजेच खरी नावनोंदणी.

पाचवं, शेवटी सगळ्यांत मोठं. दवाखाना खरोखर होता, आणि जवळ होता. गेल्यावर खाट मिळायची. शेजारणीचं बाळंतपण सुखरूप झालं, ही बातमी कुठल्याही पत्रकापेक्षा वेगाने फिरते. वचन पाळलं गेलं की पुढच्या सुगीला ज्वारी न मागता येते.

*(श्रोत्यांतून प्रश्न : मग एवढी चांगली योजना सगळ्या महाराष्ट्रात का नाही पसरली? आपल्याकडे का नाही आली?)*

बरोबर विचारलंत. मी हेच आता घेणार होतो. उत्तर थोडं कडू आहे. गावाच्या ज्वारीतून रुग्णालयाचा खर्च निघत नव्हता. निघणारही नव्हता. सेवाग्रामच्या संस्थेचा खर्च केंद्र सरकार ५० टक्के, राज्य सरकार २५ टक्के आणि कस्तुरबा हेल्थ सोसायटी २५ टक्के, असा वाटला जातो. ज्वारीने गावातली सेवा चालली आणि हक्क मिळाला. खाटेचा, सर्जनचा, औषधाचा मोठा भार सरकारी तिजोरीने उचलला. म्हणजे ज्याला आपण लोकांचा विमा म्हणतो, त्याच्यामागे सार्वजनिक पैसा उभा होता. हा काही दोष नाही. उलट धडा आहे. गरिबांनी गरिबांच्या पैशातच मोठी ऑपरेशनं भागवावीत, ही अपेक्षाच चुकीची.

आणि आपल्याकडे का नाही? कारण आपल्या अंगणात तसं रुग्णालय नव्हतं. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. नंतर आपण परभणी जिल्ह्यात. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ ला. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आलं, आणि मोठं दुखणं म्हटलं की आपली गाडी नांदेडकडे किंवा औरंगाबादकडे वळायची. हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं २०२४ मध्ये. ज्या गावातून दवाखाना दिसत नाही, त्या गावाला विमा विकणं म्हणजे पूल नसलेल्या नदीवर टोल मागण्यासारखं आहे.

मग सरकार आलं

यापुढची गोष्ट तुमच्या आमच्या डोळ्यासमोरची आहे, म्हणून भराभर सांगतो.

१९९७ मध्ये राज्याने जीवनदायी आरोग्य योजना आणली. गरीब कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांत मदत. चांगली होती, पण दाखले गोळा करता करता माणूस दमायचा. २००३ मध्ये केंद्राने सार्वत्रिक आरोग्य विमा काढला. एका माणसाला दिवसाला एक रुपया. ऐकायला स्वस्त. पण कुणी स्वतः जाऊन, फॉर्म भरून, वर्षाचे ३६५ रुपये एकरकमी द्यायचे होते. सुगी नाही, पार नाही, ओळखीचा डॉक्टर नाही. गावं आली नाहीत. त्याच सुमारास शेजारच्या कर्नाटकात यशस्विनी योजना सुरू झाली, सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी, वर्षाला माणशी ६० रुपयांत. तिथे लोक लाखोंनी आले. फरक कशात? तिथे वर्गणी सोसायटीमार्फत जायची. सोसायटीचा सचिव ओळखीचा, दूध-ऊस-पीककर्जाचा रोजचा संबंध. पुन्हा तेच, ओळख आणि वेळ.

२००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबाने ३० रुपये भरायचे, ३० हजारांचं संरक्षण, पाच जणांपर्यंत. त्या कार्डावर सहावं माणूस बसत नसे. एकत्र कुटुंबात कुणाला वगळायचं? बहुतेक वेळा म्हातारीला किंवा धाकट्या मुलीला, हे तुम्हाला सांगायला नको.

मग २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे, त्यात नांदेड होतं, हिंगोली नव्हतं. सीमेच्या या बाजूला एक नियम, त्या बाजूच्या जिल्ह्यात दुसरा! आपल्याला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, आणि हप्ता सरकारने भरायचा, घरटी ३३३ रुपये. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी तिचा मेळ घातला गेला, आणि २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांचं संरक्षण सगळ्या शिधापत्रिकाधारकांना द्यायचं ठरलं.

इथे एक मजेशीर योगायोग. राज्यात पिवळं, केशरी, पांढरं अशी तिरंगी शिधापत्रिका सुरू झाली तीही १ मे १९९९ ला. ज्या दिवशी आपला जिल्हा जन्मला, त्याच दिवशी ते कार्ड जन्मलं, ज्याच्या रंगावर पुढे आपलं आजारपण ठरणार होतं. कार्ड होतं धान्यासाठी. ते झालं दवाखान्याचं तिकीट. आत्महत्याग्रस्त म्हणून जे १४ जिल्हे ठरले त्यात हिंगोली असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही आधीच या योजनेत घेतलं गेलं होतं. हे कितीजणांना माहीत होतं? हात वर करा. ...बघा. सात-आठ.

नोंद झाली, माणूस राहिला

आता दोन चित्रं शेजारी ठेवा. सेवाग्रामच्या गावातली बाई. तिने पायली मोजली, पारावर भांडण ऐकलं, तिला पक्कं ठाऊक आहे की आपण योजनेत आहोत. तिचा हक्क लहान, पण तिच्या हातातला. दुसरीकडे माझी मावशी. तिच्यासाठी सरकारने हप्ता भरला, संरक्षण मोठं, पण तिला कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

पहिल्या पद्धतीत अडचण ही, की सगळ्यांत गरीब घर पायलीही देऊ शकत नाही. शिवाय मोठ्या खर्चाला ती पुरत नाही. म्हणून मी अजिबात म्हणत नाही, की ज्वारीकडे परत चला. ज्वारी तरी कुठे राहिली? आपल्या रानात आता सोयाबीन आणि हळद. सरकारने हप्ता भरावा हेच न्यायाचं. पण हप्त्याबरोबर एक गोष्ट निघून गेली, ती म्हणजे गावाने मिळून योजना समजून घेणं.

म्हणून आजचे अडथळे वेगळे आहेत. पैसा हा अडथळा राहिला नाही. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर. वेगळं राहणाऱ्या भावाचं नाव अजून थोरल्याच्या कार्डात. केवायसीसाठी अंगठा लागतो, आणि ऊस तोडून, हळद शिजवून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या. कुठला दवाखाना योजनेत आहे, कुठला नाही, हे अँब्युलन्समध्ये बसल्यावर शोधायचं. या सगळ्याला आकडेवारीत 'नोंदणी पूर्ण' असंच म्हणतात.

*(श्रोत्यांतून एक ताई : आम्ही आशा वर्कर आहोत. आम्ही घरोघर सांगतो, पण लोक म्हणतात, दुखणं आल्यावर बघू.)*

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. धडधाकट असताना दुखण्याचं बोलणं आपल्याकडे अशुभ मानतात. पण एक करून बघता येईल. घरोघर सांगण्यापेक्षा एकदा बचत गटाच्या बैठकीत सांगा, जिथे बाया आधीच पैशाचं बोलायला बसलेल्या असतात. आणि वेळ निवडा. ऊसतोडीला गाड्या जायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास. त्या दिवशी फॉर्म भरायची गरज नाही. प्रत्येकीने आपलं कार्ड घेऊन यायचं, त्यावरची नावं एकमेकींना वाचून दाखवायची, चुकलेली लिहून काढायची. जवळचे योजनेतले दवाखाने कोणते, ते भिंतीवर ठळक लिहायचं. दवाखान्यात गेल्यावर 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' एवढं एक वाक्य सगळ्यांना पाठ करायचं. सेवाग्रामच्या पारावर जी चर्चा झाली, तिचं आजचं रूप मला एवढंच दिसतं.

आता मावशीचं सांगून थांबतो. मावशी आता सत्तरीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी तिला परत दवाखान्यात न्यावं लागलं, मोठं काही नव्हतं. गाडीत बसण्याआधी ती घरात गेली, पेटी उघडली आणि कार्ड पोलक्यात खोचून बाहेर आली. मी म्हटलं, "अगं, मी घेतो ना." ती म्हणाली, "राहू दे. मागच्या वेळी तुम्ही शिकलेल्यांनीच विसरलं होतं."